तीन इंची पाइप मागणाऱ्या गिऱ्हाइकाला आधी हॉर्सपॉवर विचारा



आज सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो. बॅचमध्ये आणि व्हिडिओत मी कित्येक वर्षं एक वाक्य ठासून सांगत आलोय: 'गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही.' वडापावच्या गाडीवर हे वाक्य चालतं. जास्त तिखट मागितलं, जास्त तिखट द्या, विषय संपला. पण फॅब्रिकेशनच्या धंद्यात, त्यातही गाड्यांच्या एक्झॉस्टच्या कामात, हे वाक्य माणसाला खड्ड्यात घालतं. माझ्याच बॅचच्या एका मुलाला घातलं, म्हणून हा लेख.

मुलगा चांगला. आयटीआय वेल्डर, हात स्वच्छ, टिगचा टाका बघत राहावा असा. मुद्रा लोन काढून त्याने छोटं वर्कशॉप टाकलं. टिग मशीन, कटर, ग्राइंडर, एक साधं बेंडिंग मशीन. आपण सरसकट ज्याला 'सायलेन्सर' म्हणतो ती सगळी लाइन, म्हणजे इंजिनच्या हेडरपासून मागच्या टिपपर्यंत, स्टेनलेस स्टीलमध्ये बनवून द्यायची, हा त्याचा धंदा. दुसऱ्याच महिन्यात एक होंडा सिटी आली. दीड लिटरचं चार सिलिंडरचं आय-व्हीटेक इंजिन, ११८ हॉर्सपॉवर. मालकाने मित्राची टर्बो गाडी पाहिलेली, तिला तीन इंची पाइप. 'मलापण तीन इंची पाहिजे, हेडरपण मोकळा कर, कॅट काढून टाक.' आमच्या पठ्ठ्याला माझं वाक्य पाठ. नाही म्हणायचं नाही. त्याने दोन इंची नळ्यांचा आखूड हेडर बनवला, कॅटकॉन काढला आणि पार मागपर्यंत तीन इंची लाइन टाकली. वेल्डिंग एकदम देखणं.

आठ दिवसांत गाडी परत. तक्रारी चार. सिग्नलवरून गाडी उठत नाही, पिकअप गेलं. एक्सप्रेसवेवर शंभरच्या स्पीडला केबिनमध्ये असा घुमघुमाट की बायको परत बसायला तयार नाही. स्पीडब्रेकरवर पाइप घासतो. आणि चेक इंजिनचा दिवा लागलाय तो विझत नाही. मुलाने सगळं काढलं, कंपनीचा मॅनिफोल्ड कॅटसकट परत चढवला, मागे दोन इंची लाइन नव्याने बनवली, फुकट. पहिल्या कामात सुटलेले पैसे गेलेच, वर घरचे चार हजार आणि तीन दिवस गेले. मला फोन करून तो एवढंच म्हणाला, 'सर, मी नाही म्हणालो नाही.' त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तर माझं आजचं मत सरळ आहे. एक्झॉस्टच्या धंद्यात पाइप विकला जात नाही, माप विकलं जातं. पाइप कापणारे आणि जोडणारे प्रत्येक एमआयडीसीत गल्लोगल्ली आहेत. 'तुझ्या इंजिनाला सव्वादोन पुरतो, तीन नको' असं कारणासकट सांगणारा माणूस मिळत नाही, आणि पैसे त्याच माणसाला मिळाले पाहिजेत. त्यासाठी इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही. थोडा हिशोब लागतो. तो आज करू.

पहिली गोष्ट, 'मोठा' म्हणजे किती मोठा हे डोक्यात नीट बसवा. दोन इंचीच्या जागी तीन इंची घातला की गिऱ्हाइकाला वाटतं दीडपट झाला. पण गॅस वाहतो तो क्षेत्रफळातून, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. दोनाचे चार, तिनाचे नऊ. म्हणजे सव्वादोनपट. प्रत्यक्षात पाइपची जाडी दोन्हीकडे सारखीच असल्यामुळे थोडं अजून जास्तच. तेवढाच गॅस सव्वादोनपट मोठ्या जागेतून गेला तर त्याचा वेग निम्म्याहून खाली येतो.

वेग कमी झाला तर काय बिघडतं? इथे ती जुनी गॅरेजमधली म्हण येते, 'इंजिनाला बॅक प्रेशर लागतं.' हे वाक्य अर्धवट आहे आणि त्यामुळेच घातक आहे. इंजिनाला उलटा दाब कधीच नको असतो. पिस्टनला तो दाब ढकलत जळका गॅस बाहेर काढावा लागतो, त्यात ताकद फुकट जाते. इंजिनाला हवा असतो वेग. चार सिलिंडरच्या इंजिनात दर अर्ध्या फेऱ्याला एक सिलिंडर गॅस सोडतो. ३,००० आरपीएमला हिशोब करा, सेकंदाला १०० धक्के. धक्का जोरात पुढे गेला की त्याच्या मागे क्षणभर कमी दाब तयार होतो. त्या क्षणी इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असतील, तर तो कमी दाब उरलासुरला जळका गॅस ओढून काढतो आणि ताजी हवा आत घ्यायला मदत करतो. कामगार वस्तीतल्या अरुंद बोळातून वारा कसा सूं करून जातो, आणि मैदानात तोच वारा जाणवतपण नाही, तसं समजा. नळ्या गरजेपेक्षा रुंद केल्या की खालच्या आरपीएमला ही ओढ मरते. गिऱ्हाईक त्याला 'पिकअप गेलं' म्हणतं.

आता एक बारकावा, जो बहुतेक गॅरेजवाल्यांना माहीत नसतो. ही ओढ मुख्यतः हेडरमध्ये तयार होते. हेडर म्हणजे प्रत्येक सिलिंडरला लावलेल्या चार नळ्या आणि त्या एकत्र येतात तो भाग. कॅटच्या मागचा पाइप थोडा मोठा झाला म्हणून पिकअप धाडकन पडत नाही. त्या सिटीत खरा घोळ दोन इंची आखूड नळ्यांनी केला होता. दीड लिटरच्या साध्या इंजिनाला दीड इंचाच्या आसपासच्या नळ्या भरपूर होतात. रोजच्या वापराच्या गाडीला चाराच्या दोन, दोनाची एक अशी जोडणी बरी, म्हणजे फोर-टू-वन. त्यात एक आणि चार नंबरची जोडी, दोन आणि तीनची जोडी, कारण १-३-४-२ या फायरिंग ऑर्डरमध्ये या जोड्यांचे धक्के एकमेकांपासून सर्वांत लांब पडतात. चारही नळ्या थेट एकात आणल्या, म्हणजे फोर-टू-वनऐवजी फोर-टू एकच कलेक्टर, की फायदा वरच्या आरपीएमला सरकतो. तो रेसच्या गाडीला शोभतो. शनिवार पेठेतून ऑफिसला जाणारी गाडी सात हजारावर किती वेळ फिरते?

आता मागच्या लाइनचं माप. यासाठी तंत्रज्ञ लोक वापरतात तो आडाखा असा: इंजिनच्या प्रत्येक हॉर्सपॉवरमागे एक्झॉस्टला मिनिटाला साधारण २.२ घनफूट प्रवाह लागतो, आणि सरळ पाइपच्या एका चौरस इंचातून मिनिटाला साधारण ११५ घनफूट आरामात जातो. भागाकार केला की सोपं सूत्र मिळतं. आतल्या क्षेत्रफळाच्या एका चौरस इंचाला ५० हॉर्सपॉवर. एवढंच लक्षात ठेवा.

सोळा गेजचा, म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर जाडीचा पाइप धरून मी हिशोब केला. पावणेदोन इंची पाइप साधारण १०५ हॉर्सपॉवरपर्यंत पुरतो. दोन इंची १४० पर्यंत. सव्वादोन इंची १८० पर्यंत. अडीच इंची सव्वादोनशेपर्यंत. आणि तीन इंची? सव्वातीनशेच्या पुढे. म्हणजे आपल्या सिटीवाल्याने ११८ हॉर्सपॉवरसाठी जवळजवळ तिप्पट ताकदीचा पाइप मागितला होता. दोन इंची लावूनसुद्धा त्याच्याकडे वीसेक हॉर्सपॉवरची जागा शिल्लक राहिली असती. उद्या कॅम बदलले, इनटेक सुधारला आणि इंजिन दीडशेला गेलं, तर सव्वादोन. त्यापुढे विचारसुद्धा करायची गरज नाही. चार सिलिंडरची १.२ लिटरची स्विफ्ट आली तर पावणेदोन पुरे.

हा आडाखा आहे, वेदवाक्य नाही. बेंड किती, मफलर कोणता, लाइन किती लांब, यावर इकडेतिकडे होतं. पण गिऱ्हाइकासमोर कागदावर हा हिशोब मांडून बघा. 'माझं मत असं आहे' म्हणणारा वेल्डर आणि 'तुमची गाडी ११८ ची, हा पाइप १४० चा' म्हणणारा वेल्डर, या दोघांच्या कोटेशनमध्ये फरक पडतो.

मग मित्राची टर्बो गाडी? तिला तीन इंची का चालला? इथे नियम खरोखर बदलतो. टर्बोचं टर्बाइन गॅसच्या दाबावर फिरतं. टर्बाइनच्या आधी दाब जास्त आणि नंतर कमी, हा फरक जेवढा मोठा तेवढं ते लवकर फिरतं. टर्बाइनने त्या धक्क्यांची मजा आधीच खाऊन टाकलेली असते, त्यामुळे मागे ओढीचा प्रश्न उरत नाही. टर्बोच्या मागे मोकळीक जास्त तेवढी बरी, जागा आणि आवाज परवडेपर्यंत. स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएसच्या २०१७ च्या मॉडेलचं दोन लिटर टर्बो इंजिन कंपनीकडूनच २३० हॉर्सपॉवर द्यायचं, रिमॅप केलं की तीनशेच्या आसपास जातं. तिला तीन इंची शोभतो. पण टर्बो दिसला की डोळे झाकून तीन इंची, असंही नाही. जुन्या पोलो जीटी टीएसआयचं १.२ लिटर चार सिलिंडर टर्बो १०५ हॉर्सपॉवरचं. तिला रिमॅपनंतरसुद्धा सव्वादोन किंवा फार तर अडीच बस्स. म्हणून पहिला प्रश्न हॉर्सपॉवरचा, दुसरा प्रश्न टर्बो आहे का, आणि इंचाचा विषय त्यानंतर.

आता मालाकडे येऊ, कारण नवीन माणूस इथे हमखास फसतो. पाइपवाल्याकडे जाऊन 'दोन इंची एसएस द्या' म्हणालात तर दोन वेगळ्या वस्तू मिळू शकतात. ट्यूब बाहेरच्या व्यासाने मोजतात, तिथे दोन इंच म्हणजे ५०.८ मिलिमीटर. पाणी-वाफेच्या लाइनचा पाइप नॉमिनल बोअरने विकतात, तिथे 'दोन इंची' पाइपचा बाहेरचा व्यास ६०.३ मिलिमीटर असतो. जवळजवळ साडेनऊ मिलिमीटरचा फरक, आणि बिलावर दोन्ही ठिकाणी 'दोन इंच'. फ्लँज, क्लॅम्प, मफलरचं तोंड काहीच जुळत नाही. मिलिमीटरमध्ये ओडी आणि जाडी लिहूनच ऑर्डर द्या. ग्रेडचंही तसंच. ३०४ वर चुंबक सहसा धरत नाही, ४०९ वर घट्ट धरतो. ४०९ वाईट नाही, गाड्यांच्या कंपन्या एक्झॉस्टला तो सर्रास वापरतात, पण त्याला वरून तांबूस गंज दिसतो. ३०४ च्या भावात ४०९ गळ्यात पडला तर तुमच्या नावावर गंज चढेल.

बेंडची गोष्ट अजून महत्त्वाची. साध्या प्रेस बेंडरवर वळवलेला पाइप वळणात दबतो. बाहेरून अडीच इंची, पण चपट्या जागी आतून सव्वादोनाएवढाही राहत नाही. पाइपची खरी क्षमता त्याच्या सर्वांत अरुंद जागेएवढी. मँड्रेल बेंडमध्ये आतून आधार देऊन वळवतात म्हणून व्यास टिकतो. पण म्हणून पहिल्याच वर्षी मँड्रेल मशीन घ्यायला धावू नका! तयार मँड्रेल एल्बो विकत मिळतात. ४५ आणि ९० अंशांचे आणून ठेवा, कापा, जोडा. वेल्डिंग वाढतं, आर्गॉन जास्त जातो, पण लाखांचं मशीन दारात उभं राहून ईएमआय खात नाही. महिन्याला किती लाइन निघतात ते सहा महिने वहीत लिहा, मग मशीनचा विचार करा.

मोठ्या पाइपचा खर्च तुमच्याही खिशातून जातो, हे कुणी बोलत नाही. चार मीटरच्या दोन इंची लाइनला साधारण आठ किलो स्टील लागतं, तीन इंचीला बारा. एल्बो महाग, क्लॅम्प महाग, टाका दीडपट लांब, आणि गाडीखालून वाट काढायला तास जास्त. मागच्या एक्सलवरून तीन इंची पाइप नेऊन बघा एकदा! नवीन मुलं मात्र कोटेशन करताना मोठ्या पाइपला पाच-सातशे रुपये वाढवतात आणि खूश होतात.

गिऱ्हाईक परत कशामुळे येतं, तर आवाजामुळे. हॉर्सपॉवर पाच कमी-जास्त झाली तर डायनोशिवाय कुणाला कळत नाही, पण घुमघुमाट पहिल्या प्रवासात कळतो. छोट्या पेट्रोल गाडीचं इंजिन हायवेला तीन हजारच्या आसपास फिरतं. म्हणजे आधीच्या हिशोबाप्रमाणे सेकंदाला १०० धक्के, १०० हर्ट्झ. नेमक्या या आवाजाला बंद केबिन घुमते. पाइप मोठा, मफलर मोकळा, की हे वाढतं. याला उपाय आहे आणि तो विकण्यासारखा आहे: लाइनला फांदीसारखी एक बंद तोंडाची नळी जोडायची, त्या त्रासदायक आवाजाच्या लहरीच्या पाव लांबीची. गरम गॅसमध्ये १०० हर्ट्झला ती मीटर-सव्वा मीटर येते. आत गेलेली लहर उलटी होऊन परत येते आणि मूळ आवाज मारते. हे एकदा नीट जमलं की शहरातली निम्मी घुमणारी सायलेन्सरं तुमच्याकडे दुरुस्तीला येतील. दुसऱ्याने बिघडवलेलं काम, तुमचा धंदा.

आणि ज्याला फक्त दिसण्यासाठी मोठा पाइप हवा आहे? असे खूप असतात, त्यांना हसू नका. शेवटी साडेतीन-चार इंची टिप लावून द्या. गॅस मागे जाईपर्यंत थंड होऊन आक्रसलेला असतो, टोकाची टिप मोठी झाल्याने इंजिनाला काही फरक पडत नाही. गिऱ्हाइकाच्या फोटोत मोठा पाइप येतो, आत दोन इंची लाइन आपलं काम करते. नाही म्हणायचं, पण हाताला काहीतरी देऊन म्हणायचं. माझं जुनं वाक्य मी आता असं दुरुस्त करून सांगतो.

एका ठिकाणी मात्र नुसतं 'नाही', हाताला काही न देता. कॅटकॉन काढून मागणारा आणि रस्त्यावर फटाके फोडणारी पुंगळी मागणारा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत परवानगीशिवाय बदल करण्यावर बंधन आहे. २०१९ च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२ए प्रमाणे मालकाला अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि धुराचे नियम मोडले तर कलम १९०(२), पहिल्याच वेळी १०,००० पर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि वर लायसन्सवर गदा. जप्त सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडतानाचे फोटो पेपरात तुम्ही पाहिलेच असतील. त्यात बुलेटवाले जास्त असतात, पण उद्या चारचाकीचा नंबर लागला तर मालक पोलिसांना तुमच्याच दुकानाचा पत्ता सांगणार. जॉब कार्डवर 'फक्त ट्रॅकसाठी' लिहून घेतलं आणि गाडी तुमच्यासमोर ट्रॅफिकमध्ये निघून गेली, तर त्या कागदाने फार आधार मिळेल असं समजू नका.

मग धंदा उरतो कुठे, असं विचारणारे विचारतील. भरपूर उरतो. जुन्या गाड्यांच्या गंजलेल्या लाइन मूळ मापात स्टेनलेसमध्ये बदलून देणं, हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात नियमित काम. घुमणारी, फुटलेली, दुसऱ्याने बिघडवलेली कामं. आणि खऱ्या स्पर्धेच्या गाड्या, ज्या ट्रेलरवरून येतात आणि ट्रेलरवरून जातात. नाशिकला रॅली होते, अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग झाल्यात, कोइम्बतूर आणि चेन्नईला ट्रॅक आहेत, आणि पुण्या-मुंबईची मंडळी तिथे गाड्या घेऊन जातात. ही गिऱ्हाइकं थोडी असतात, पण हिशोब कळणारी असतात. त्यांना कामाआधीचा आणि कामानंतरचा डायनोचा कागद द्या. डायनो परवडत नसेल तर बंद ट्रॅकवर तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजार ते पाच हजार आरपीएमला लागलेला वेळ ओबीडी स्कॅनरवर आधी आणि नंतर नोंदवा. तोच रस्ता, तीच माणसं गाडीत, टाकीत तेवढंच पेट्रोल.

आणि माप काढायचे पैसे वेगळे लावा. पाचशे लावा, पण लावा. काम दिलं तर बिलात वळते करा. आपला तो मुलगा आता हेच करतो. मागच्या महिन्यात त्याच्याकडे परत एक तीन इंचीवाला आला होता. त्याने कागदावर हिशोब काढून दाखवला. गिऱ्हाईक पाचशे न देताच उठून गेलं आणि शेजारच्या गॅरेजमध्ये तीन इंची बसवून घेतला. मुलगा जरा नाराज होता. मी त्याला म्हटलं, त्याचा नंबर लिहून ठेव, एक्सप्रेसवेला गेला की फोन करेल. अजून आलेला नाही, हेही सांगतो.

पुढच्या व्हिडिओत आपण या कामाचं कोटेशन ओळीओळीने बनवू: स्टील किलोवर, आर्गॉन, तास, घासाई, सगळं. तोपर्यंत ज्यांना या धंद्यात उतरायचंय त्यांनी एक व्हर्नियर विकत घ्या आणि तुमच्या भागातल्या तीन पाइपवाल्यांकडे जाऊन 'दोन इंची' मागून मोजून या. काय माप निघालं ते मला सांगा.